लस घेतलेल्यांचा ताप

परतवाडा सोडून धारणीच्या रस्त्याला लागलं की घाट सुरू होतो. घटांग मागे पडतं, सागाचं जंगल दाट होत जातं आणि सिपना नदीच्या सोबतीने सेमाडोह येतं. पर्यटकांना हे गाव वनखात्याच्या निवाससंकुलामुळे आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पामुळे माहीत आहे. आसपासच्या कोरकू गावांना ते माहीत आहे प्राथमिक आरोग्य केंद्रामुळे. ताप, बाळंतपण, साप, विंचू, हातपाय काडीसारखे झालेलं लेकरू, काहीही असो, पहिली धाव इथे. इथे निभलं नाही तर चिखलदरा किंवा धारणी, नाहीतर घाट उतरून अचलपूर आणि शेवटी अमरावती.

अशा गावात सिस्टरकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तिने लस घेतली हे गावाला कळतं. लस घेऊनही तिला कोरोना झाला, तर तेही त्याच संध्याकाळी कळतं. २०२१ च्या उन्हाळ्यात वऱ्हाडात ओट्या-ओट्यावर एक प्रश्न होता: "सुई घेऊनबी डॉक्टरले होते, सिस्टरले होते, मंग आपन काऊन घ्यावं?" या प्रश्नाला अनेकांनी अडाणीपणाचं लेबल लावलं. मला तो प्रश्न अगदी योग्य वाटतो. ज्याने आधी लस घेतली त्याचं काय झालं, हे पाहूनच शहाणा माणूस निर्णय घेतो. जगभरच्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न धरून अभ्यास केले, फक्त त्याला नाव दिलं 'ब्रेकथ्रू इन्फेक्शन'. म्हणजे लसीचे सगळे डोस झाल्यावर आणि त्यानंतर दोन आठवडे उलटल्यावरही झालेला संसर्ग. या अभ्यासांनी काय सांगितलं आणि सेमाडोहसारख्या गावापर्यंत त्यातलं काय पोचलं, याचा हा आढावा आहे.

आधी तारखा पाहू, कारण अर्धा गोंधळ तारखांचाच आहे. देशात लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ रोजी. पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा. लसी दोन: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन. दोन डोसांत तेव्हा चार आठवड्यांचं अंतर होतं, म्हणून दुसरा डोस सुरू झाला १३ फेब्रुवारीला. त्यात चौदा दिवस मिळवा. म्हणजे २७ फेब्रुवारीपूर्वी, चाचणीतले स्वयंसेवक सोडले तर, देशात एकाही सिस्टरला 'पूर्ण लसीकृत' म्हणता येत नव्हतं.

आणि अमरावतीत काय चाललं होतं? दुसरी लाट देशात मार्च-एप्रिलची मानली जाते. अमरावतीत ती फेब्रुवारीतच चढली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर या शहरांत आठवडाभराची टाळेबंदी लावावी लागली. देशातल्या बहुतेक शहरांना तेव्हा लाट उतरल्यासारखी वाटत होती. म्हणजे वऱ्हाडात ढाल हातात येण्याआधी वार आला. या काळात इथल्या दवाखान्यांत जे कर्मचारी आजारी पडले, त्यांच्या दंडात फार तर एक डोस होता, किंवा दुसऱ्या डोसाला आठ-दहा दिवस झालेले होते. लोकांच्या लेखी मात्र सगळे एकाच खात्यात जमा झाले: लस घेऊनही आजारी. व्याख्येचे ते चौदा दिवस कोणत्याही गावकऱ्याला कोणी समजावून सांगितले नव्हते.

अमरावतीच्या लाटेला आणखी एक पदर आहे. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत विषाणूचे ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल वाढताना दिसत आहेत, साधारण १५ ते २० टक्के नमुन्यांत. वर्तमानपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' म्हटलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने या दोघांबरोबर पी६८१आर हा तिसरा बदलही नोंदवला. याच कुळातल्या एका फांदीला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे रोजी 'डेल्टा' हे नाव दिलं. चीनमध्ये २०१९ अखेरीस सापडलेल्या मूळ विषाणूसाठी बनवलेली लस आमच्या सिस्टरने घेतली आणि तिच्यासमोर उभा राहिला तो हा नवा.

आता आकडे. २१ एप्रिल २०२१ रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी देशाची पहिली मोजणी मांडली. कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेले १,५७,३२,७५४, त्यांतले पॉझिटिव्ह ५,०१४. कोव्हॅक्सिनचे दोन्ही डोस घेतलेले १७,३७,१७८, त्यांतले पॉझिटिव्ह ६९५. म्हणजे दहा हजारांत तीन-चार माणसं. आकडा ऐकून दिलासा वाटला, आणि तिथेच चूक झाली. ही संख्या चाचणीच्या फॉर्मवर नोंदलेल्या लसीच्या माहितीवरून आली होती. ज्याची चाचणी झाली नाही तो त्यात नाही. ज्याच्या फॉर्मवर लसीचा रकाना कोरा राहिला तोही नाही. शिवाय दुसरा डोस घेऊन बहुतेकांना जेमतेम काही आठवडे झाले होते आणि लाटेचा कळस अजून यायचा होता. दहा हजारांत तीन हे खरं मानून बसलेल्या माणसाच्या ओळखीत मे महिन्यात लस घेतलेले चार जण आजारी पडले, तेव्हा त्याचा सरकारी आकड्यांवरचाच नव्हे, लसीवरचाही विश्वास डळमळला.

याउलट वेल्लोरचा अभ्यास. तमिळनाडूतल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या १०,६०० कर्मचाऱ्यांची नोंद ठेवली. त्यांतल्या ८,९९१ जणांनी २१ जानेवारी ते ३० एप्रिल २०२१ या काळात लस घेतली, बहुतेकांनी कोविशील्ड. २१ फेब्रुवारी ते १९ मे या काळात कोण आजारी पडलं ते पाहिलं गेलं. दोन्ही डोस झालेले ७,०८०, त्यांतले ६७९ जण पॉझिटिव्ह आले. म्हणजे ९.६ टक्के. दिल्लीच्या पत्रकार परिषदेत दहा हजारांत तीन, आणि वेल्लोरच्या वॉर्डात शंभरात जवळजवळ दहा!

दोन्ही आकडे खोटे नाहीत. वेल्लोरला लक्षण दिसताच कर्मचाऱ्याची चाचणी होत होती, नोंद एकाच छताखाली होती, लाट ऐन भरात होती आणि ही माणसं रोज रुग्णांच्या श्वासाइतक्या अंतरावर उभी होती. म्हणून मी वेल्लोरच्या आकड्याला जास्त मोल देतो. तो कटू आहे, पण प्रामाणिक आहे.

त्याच अभ्यासात पुढे जी गोष्ट आहे ती शांतपणे समजून घ्यायला हवी. लस न घेतलेले आजारी किती? ४३८. पूर्ण लस घेतलेले आजारी किती? ६७९. नुसत्या या दोन संख्या पारावर सांगितल्या तर ऐकणारा म्हणेल, लस घेतलेलेच जास्त आजारी पडले! पण ४३८ हे १,६०९ जणांतले आहेत आणि ६७९ हे ७,०८० जणांतले. पहिलं प्रमाण २७ टक्क्यांच्या वर जातं, दुसरं दहाच्या खाली राहतं. रुग्णालयात भरती झालेल्यांचं तर याहून बोलकं आहे. पूर्ण लस घेतलेल्यांतले ६४ जण भरती झाले, न घेतलेल्यांतलेही ६४ च. आकडा तोच, पण एक ६४ सात हजारांतला आणि दुसरा दीड हजारांतला. प्राणवायू लागला तो लस घेतलेल्यांत चौघांना, न घेतलेल्यांत अकरा जणांना. अतिदक्षता विभागात गेले ते दोघे आणि आठ. टक्क्यांत सांगायचं तर दोन डोसांनी संसर्गापासून ६५ टक्के, भरतीपासून ७७, प्राणवायूची गरज पडण्यापासून ९२ आणि अतिदक्षता विभागापासून ९४ टक्के संरक्षण दिलं. कर्मचाऱ्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. त्याने लस घेतली नव्हती आणि त्याला आधीचा आजारही होता.

जसजसं आजाराचं गांभीर्य वाढत जातं तसतसं संरक्षणही वाढत जातं. ही चढती पायरी जगभरच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासात दिसते. हा विषय एका ओळीत सांगायचा झाला तर ही ओळ सांगावी.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा अभ्यास आकाराने फार मोठा आहे. सैन्यदलांतल्या सुमारे १५.९ लाख आरोग्य आणि आघाडीच्या कर्मचाऱ्यांवर तो झाला. त्यात लसीनंतर संसर्ग सुमारे ९३ टक्क्यांनी आणि मृत्यू ९८ टक्क्यांनी कमी झाल्याचं अंतरिम निष्कर्षांत नोंदवलं गेलं. वेल्लोरच्या ६५ पेक्षा हा आकडा बराच चढा आहे. सैन्यातली माणसं तरुण, निरोगी, शिस्तीत राहणारी, त्यामुळे तो सरसकट सगळ्यांना लावू नये असं मला वाटतं. दिल्लीच्या अपोलो रुग्णालयाने लस घेतलेल्या ३,२३५ कर्मचाऱ्यांपैकी ८५ जण पॉझिटिव्ह आल्याचं सांगितलं.

राष्ट्रीय विषाणू संस्थेने आणि वैद्यकीय संशोधन परिषदेने मिळून वेगळ्या बाजूने पाहिलं. त्यांनी १७ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतून लसीनंतर संसर्ग झालेल्या ६७७ जणांचे नमुने घेतले. त्यांतल्या ८६ टक्के नमुन्यांत डेल्टा निघाला. म्हणजे लस भेदून आत शिरणारा बहुतांशी तोच होता. या ६७७ पैकी भरती करावे लागले ९.८ टक्के आणि दगावले ०.४ टक्के. यात सामान्य नागरिकही आहेत हे लक्षात ठेवायला हवं. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांतल्या लस घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास सप्टेंबर २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्यातही डेल्टाचंच वर्चस्व दिसलं, आणि लसीने तयार झालेली प्रतिपिंडं डेल्टापुढे प्रयोगशाळेत सुमारे आठपटीने कमी पडत असल्याचं आढळलं.

परदेशातलं चित्र थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये 'सायरन' नावाच्या अभ्यासात आरोग्य कर्मचाऱ्यांची ठरावीक दिवसांनी, लक्षणं असोत-नसोत, चाचणी होत होती. डेल्टाच्या आधी फायझरच्या दोन डोसांनी तिथे ८५ टक्के संरक्षण दिलं. अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठ रुग्णालयात जून २०२१ पर्यंत संरक्षण नव्वदीच्या वर होतं, जुलैत ते साडेपासष्टवर उतरलं. मधल्या काळात डेल्टा आला होता, मास्कची सक्ती उठली होती आणि लस घेऊन सहा-सात महिने झाले होते. इंडोनेशियात मध्य जावातल्या कुदुस जिल्ह्यात जून २०२१ मध्ये सायनोव्हॅक ही चिनी लस घेतलेले साडेतीनशेहून जास्त डॉक्टर आणि कर्मचारी एकाच लाटेत आजारी पडले, काही डझन जणांना भरती करावं लागलं. इस्रायलच्या शेबा वैद्यकीय केंद्रातला अभ्यास छोटा, पण महत्त्वाचा आहे. १,४९७ लसीकृत कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांत ३९ जणांना संसर्ग निघाला. संसर्गाच्या सुमारास त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं संसर्ग न झालेल्यांपेक्षा कमी होती. बहुतेकांचा आजार सौम्य होता, पण १९ टक्क्यांना सहा आठवड्यांनंतरही काही ना काही त्रास होत होता. या शेवटच्या आकड्याकडे पुन्हा यायचं आहे.

लस घेऊन संसर्ग होतोच कसा, हे मेळघाटातल्या माणसाला समजावणं मला वाटतं सोपं आहे, कारण त्याने शेत राखलेलं असतं. दंडात टोचलेली लस रक्तात आणि फुप्फुसाच्या बाजूला पहारा चांगला बसवते. नाकात, घशात तो पहारा विरळ असतो. विषाणू तिथूनच शिरतो. लस म्हणजे शेताभोवतीची भिंत धरली तर रानडुक्कर आत आल्यावर भिंतच खोटी वाटेल. लस म्हणजे मचाणावरचा जागल्या. डुक्कर धुऱ्यावरून आत येईल, दोन-चार ताटं मोडेल, पण जागल्या उठतो, हाळी देतो आणि पीक वाचतं. महिने लोटतात तसा जागल्याला डुलका लागतो. डुक्कर नव्या वाटेने आलं तर ओळखायला वेळ लागतो. आणि एका रात्री सगळा कळपच आला, तर एकटा जागल्या किती धावणार? कोविड वॉर्डात आठ-आठ तास उभ्या असलेल्या माणसावर कळपच येत होता.

डोसांच्या अंतराची गोष्ट आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बाबतीत विशेष आहे. कोविशील्डचं अंतर मार्च २०२१ मध्ये सहा ते आठ आठवडे झालं आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे. त्यामागे आधार होता. ही लस मुळात विकसित करणाऱ्या ऑक्सफर्डच्या चाचण्यांत सहा आठवड्यांच्या आत दोन डोस घेतलेल्यांत परिणामकारकता ५५ टक्के आणि बारा आठवड्यांनी घेतलेल्यांत ८१ टक्के दिसली होती. पण रांगेत सगळ्यात पुढे असलेल्या कर्मचाऱ्यांनी चार आठवड्यांनी दुसरा डोस घेऊन टाकलेला होता. मग त्यांचं नुकसान झालं का? मला तसं वाटत नाही. ब्रिटनच्या आकडेवारीप्रमाणे डेल्टापुढे या लसीचा एक डोस ३० टक्क्यांच्या आसपासच टिकत होता, दोन डोस ६७ टक्के. एप्रिल-मेच्या त्या आगीत एका डोसावर बारा आठवडे काढण्यापेक्षा लहान अंतराने का होईना, दोन डोस अंगात असणं बरं होतं. पण अंतर बदललं तेव्हा लोकांना कारण नीट सांगितलं गेलं नाही. 'लस संपली म्हणून तारीख पुढे ढकलली' असंच बहुतेकांनी धरलं.

आता 'सौम्य' या शब्दाकडे येतो. शोधनिबंधात सौम्य म्हणजे प्राणवायू लागला नाही. वेल्लोरच्या रुग्णालयात एक परिचारिका दहा दिवस घरी राहिली तर दुसरी तिची पाळी घेते, आणि दहा हजारांत अशी दुसरी मिळते. सेमाडोहच्या भोवतालच्या उपकेंद्रांचा विचार करा. एका एएनएमकडे, म्हणजे उपकेंद्राच्या परिचारिकेकडे, अनेक गावं. ती पडली की त्या महिन्याचं लसीकरण सत्र गेलं, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन तपासायचं राहिलं, वजन घटलेल्या लेकराकडे कोणी फिरकलं नाही. पावसाळ्यात सिपना आणि तिचे नाले फुगले तर बदली माणूस पाठवायचा म्हटला तरी पोचत नाही. मेळघाटातल्या बालमृत्यूंवर १९९३ पासून बोललं जातंय, उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं सुनावण्या चालल्या. अशा भागात एका सिस्टरचे 'सौम्य' दहा दिवस कोणत्या लेकराला किती महागात पडले, हे लसीच्या परिणामकारकतेच्या कोणत्याही टक्क्यात बसत नाही. आणि शेबातल्या त्या १९ टक्क्यांसारखा थकवा सहा आठवडे रेंगाळला, तर डोंगर चढून पुढच्या गावाला जायचं कसं?

आशाताईंचं तर आणखी अवघड. त्यांना पगार नाही, कामाच्या हिशेबाने मोबदला. आजारपणाची रजा हा शब्दच त्यांच्या कागदात नाही. महाराष्ट्रातल्या जवळजवळ सत्तर हजार आशा १५ जून २०२१ पासून संपावर गेल्या, तेव्हा त्यांची मागणी मानधनाची आणि साथीतल्या कामाच्या मोलाची होती. आठवडाभराने संप मिटला तो हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता या तडजोडीवर. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, तो योग्यच होता. केंद्राने मार्च २०२० मध्ये पन्नास लाखांचं विमाकवच दिलं, त्यात आशांचाही समावेश केला, हेही नोंदवायला हवं. पण तो विमा मृत्यूनंतरचा होता. लस घेऊन जगलेल्या, पण महिनाभर अंथरुणात गेलेल्या आशाताईच्या बुडालेल्या कमाईची भरपाई त्यात नव्हती. लसीमुळे मृत्यू कमी झाले म्हणजे विम्याची गरजही आजारपणाकडे सरकली, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मृत्यूंचं प्रमाण मात्र विसरू नये. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या मोजणीत दुसऱ्या लाटेत देशातले सुमारे ८०० डॉक्टर गेले. त्या यादीत परिचारिका, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचे चालक, आशा नाहीत.

मेळघाटात लसीविषयी भीती होती. टोचून घेतलं तर माणूस मरतो, ही अफवा पावसाच्या आधी डोंगरात पोचली होती. कोरकू ही मराठीपेक्षा अगदी वेगळ्या कुळातली भाषा. मराठीतलं पत्रक तिथे परक्या कागदासारखं. दुखण्याखुपण्यात भुमका आणि पडियार या पारंपरिक वैदूंच्या शब्दाला वजन. अशा ठिकाणी सिस्टरला लस घेऊनही ताप आला की शंभर भाषणं फिकी पडतात. इथे माझा ठाम आक्षेप आहे तो आपल्या सांगण्याच्या पद्धतीवर. शासनाने, आम्ही लिहिणाऱ्यांनी आणि डॉक्टरांनीही लस म्हणजे 'सुरक्षाकवच' असं सांगितलं. कवच म्हटल्यावर आत काही शिरता कामा नये, असंच कोणीही समजणार. पहिल्याच दिवशी 'लस घेतल्यावरही कोरोना होऊ शकतो, पण मरणाची पाळी फार कमी येईल' एवढं कोरकूत सांगितलं असतं, तर सिस्टरचा ताप हाच लसीचा पुरावा ठरला असता: बघा, झाला आणि आठ दिवसांत उठून कामावर आली.

हे सांगणं आपल्याला नवं नव्हतं. मुंबईत प्लेगची साथ चालू असताना वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच टोचून घेतली. टोचलेल्यांपैकी काहींना पुढे प्लेग झालाच, पण न टोचलेल्यांपेक्षा बराच कमी. हाफकिन यांनी प्रमाणं मांडून ते उघड सांगितलं. त्यांच्या नावाची संस्था परळला आजही उभी आहे.

योगायोग असा की बरोबर सव्वाशे वर्षांनी, १० जानेवारी २०२२ रोजी, आरोग्य कर्मचाऱ्यांना तिसरा, म्हणजे सरकारी भाषेत 'प्रिकॉशन' डोस सुरू झाला. अट होती दुसऱ्या डोसानंतर नऊ महिने झालेले असण्याची. फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये दुसरा डोस घेतलेल्यांचे नऊ महिने नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच भरले होते. संरक्षण ओसरतंय हे सॅन दिएगो आणि इस्रायलच्या आकड्यांतून ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच दिसलं होतं. सप्टेंबरच्या अखेरीस मुंबईत केईएमशी जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातले सुमारे तीस विद्यार्थी पॉझिटिव्ह आले. त्यांतल्या बहुतेकांचे दोन्ही डोस झालेले होते. इशारा आपल्या दारात आला होता. तिसरा डोस आला तोवर ओमिक्रॉन येऊन पोचला होता आणि मुंबई-पुण्यातले निवासी डॉक्टर शेकड्यांनी विलगीकरणात होते. आरोग्य कर्मचाऱ्यांपुरता तरी तो डोस ऑक्टोबरपासून द्यायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. लशींचा साठा तोवर पुरेसा झाला होता, आणि माणसंही फार नव्हती.

ओमिक्रॉनच्या लाटेत कर्मचारी मोठ्या संख्येने आजारी पडले, पण डेल्टाच्या तुलनेत मृत्यू फार कमी झाले. यात लसीचा वाटा किती आणि आधी होऊन गेलेल्या संसर्गाचा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी रक्ततपासणीत जून-जुलै २०२१ मध्येच ८५ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांच्या रक्तात प्रतिपिंडं आढळली होती. डिसेंबर-जानेवारीत तेच प्रमाण २६ टक्क्यांच्या आत होतं. सहा महिन्यांत एवढा फरक. काही लसीने घडवला, काही आजाराने, आणि पुष्कळांच्या बाबतीत दोघांनी मिळून.

एवढा आढावा घेतल्यावर एक गोष्ट डोळ्यांत खुपते. वेल्लोर, पुणे, दिल्ली, शेबा, सॅन दिएगो: वर आलेली ठिकाणं मोठ्या रुग्णालयांची आहेत. जिथे संगणक आहे, चाचणी हाताशी आहे आणि शोधनिबंध लिहायला प्राध्यापक आहेत, तिथलेच कर्मचारी मोजले गेले. सेमाडोहसारख्या केंद्रात पावसाळ्यातला ताप म्हणजे आधी मलेरिया. रक्ताचा थेंब काचेवर जातो, आणि नाकातला नमुना घाट उतरून जाईपर्यंत ताप उतरलेला असतो. तिथली एएनएम आणि आशा या हिशेबात आल्याच नाहीत. त्यांचा धोकाही वेगळा होता. वॉर्डातल्या परिचारिकेला पीपीई किट होतं. आशाताई एका खोलीच्या, खिडकी नसलेल्या घरात, चुलीच्या धुरात, कापडी मास्क लावून ऑक्सिमीटर धरून बसली होती. वेल्लोरचे ६५ टक्के तिला जसेच्या तसे लागू आहेत असं कोणत्या आधारावर म्हणायचं?

हे अजूनही शोधता येईल, आणि त्याला फार पैसा लागणार नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याने कोणती लस कोणत्या तारखेला घेतली, हे कोविनवर नोंदलेलं आहे. पॉझिटिव्ह चाचण्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पोर्टलवर आहेत. कोण किती दिवस कामावर नव्हतं, हे आरोग्य केंद्राच्या हजेरीपटात आहे. आशाताईंच्या भेटी त्यांच्या डायरीत आहेत, आणि त्या डायऱ्या जपून ठेवणाऱ्या बाया अजून त्याच गावांत राहतात. चिखलदरा आणि धारणी या दोनच तालुक्यांपुरतं हे जुळवलं, तरी देशातल्या डोंगराळ भागाला उपयोगी पडेल असं काही हाती लागेल. अमरावती जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आणि अमरावती-अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकांनी हे काम हाती घ्यावं. हजेरीपटाचे जुने कागद रद्दीत जाण्याआधी घ्यावं.